रंगा डुबलच्या पुतळ्याचं अनावरण

पुतळ्याला मिशा होत्या. टेम्पोतून उतरवून, गोणपाट सोडून तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभा केला आणि आम्ही सात-आठ जण त्याच्याकडे बघत राहिलो. चांगल्या दोन्ही बाजूंनी वर वळलेल्या, मूठमूठ मिशा. रंगा डुबलला जन्मात मिशी नव्हती. वरच्या ओठावर त्याला चार केस यायचे, तेही तो एक दिवसाआड खरवडून टाकायचा.

"अण्णासाहेब, ह्यो काय रंगा न्हाई," सरपंच सर्जेराव म्हणाला. सर्जेरावाची अक्कल बेताची, पण डोळे शाबूत होते.

"न्हाई कसा? खाली नाव कुनाचं हाय बघ की."

खाली पाटीवर नाव होतं. 'वीर जवान रंगराव बाबू डुबल'. नाव रंगाचं, बाकी सगळं दुसऱ्याच कुणाचं. छाती दुसऱ्याची, हनुवटी दुसऱ्याची आणि दोन्ही हातांत आडवी धरलेली बंदूक.

अण्णासाहेब शेवाळे म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. माळखिंडीत ज्या कशाला अध्यक्ष लागतो त्या सगळ्याचे ते अध्यक्ष असत, त्यामुळे स्मारक समितीचेही तेच होते. ते पुतळ्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "फौजी म्हटल्यावर मिशा पायजेतच. लांबनं लोकांना कळाय नको?"

"मूर्तिकाराला फोटो दिला होता ना?" मी विचारलं.

"दिला हुता की, सर."

पुढे कळलं की फोटो संस्थेच्या क्लार्कच्या खणातच राहिला होता. मूर्तिकाराकडे दुसऱ्या कुठल्यातरी गावानं नापसंत केलेला एक तयार जवान पडून होता. त्यानं पाटी बदलली आणि जवान टेम्पोत घातला. अण्णासाहेबांना ते आधीपासून ठाऊक असावं असा माझा तेव्हाही संशय होता. त्यांना रंगाचा पुतळा नकोच होता. आमदार गावात येणार होते आणि उद्घाटन करण्याजोगं गावात काहीच तयार नव्हतं. पाण्याची टाकी गळत होती, शाळेच्या नव्या खोल्यांना दारं नव्हती. मग कुणालातरी आठवलं की वर्षापूर्वी आपल्या गावात एक फौजी वारला होता. त्याची पुण्यतिथी आमदारांच्या सोयीनं अकरा दिवस पुढे ढकलली आणि सगळे कामाला लागले.

जिवंत होता तेव्हा याच लोकांना तो दिसत नसे. सतरा वर्षं नोकरी करून रंगा परत आला. गावातून फौजेत गेलेला तो पहिला आणि शेवटचा. पहिले पंधरा दिवस लोक त्याच्या ओट्यावर जमले, "किती मारलंस?" म्हणून विचारून गेले. तो नुसता हसायचा. हसण्यावर किती दिवस गर्दी जमणार? पुढे शेताकडे जाणाऱ्या पांदीच्या रस्त्यासाठी त्यानं पंचायतीत चार खेटे घातले, तेव्हा याच सर्जेरावानं त्याला ओट्यावर दीड तास ताटकळत ठेवलं आणि "हितं काय बॉर्डर न्हाई, रांगंत ऱ्हावा" असं वर ऐकवलं. मग रंगाची छाती बिघडली. खोकला, दम, धाप. दोन पावसाळे काढले आणि बेचाळिसाव्या वर्षी गेला. मातीला आम्ही तिसेक माणसं होतो. अण्णासाहेबांनी माणूस पाठवला होता, आणि त्या माणसानं 'अण्णासाहेबांनी मला पाठवलंय' हे प्रत्येकाला गाठून सांगितलं होतं.

"सर, तुमी बोलायचं हाय," अण्णासाहेब मला म्हणाले. "बालमित्र म्हनून. बालपणीच्या चार आठवणी, मग त्येचा पराक्रम. थोडं फुलवून सांगा. तुमास्नी काय शिकवायचं?"

"सांगतो की," मी म्हणालो.

त्याच वर्षी शाळेचं मुख्याध्यापकपद माझ्या हातचं जाऊन अण्णासाहेबांच्या भाच्याला मिळालं होतं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी कनिष्ठ, आणि फळ्यावर लिहिताना ज्याची ओळ उतरणीला लागायची असा माणूस. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला बजावत होतो.

आता हे सांगायला हवं की रंगाचं खरं काय ते गावात फक्त दोघांना माहीत होतं. एक त्याची बायको हौसाबाई आणि दुसरा मी.

मरायच्या दीडेक महिना आधी त्यानं मला बोलावून घेतलं होतं. दुपारची वेळ होती. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता, आडवं झालं की दम लागायचा. हौसावहिनी उंबऱ्याशी बसून घेवडा मोडत होती.

"दिन्या," तो म्हणाला, "मी फौजेत काय करत हुतो, ठावं हाय तुला?"

"लढत होतास."

"रोट्या करत हुतो."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय.

"आचारी हुतो मी. लंगरात. सतरा वरसं. बंदूक वरसातनं एकदा चालवायची, निशाण्यावर. बाकी मग परात न् झारा."

"मग बोलला नाहीस कधी?"

"पयल्या रजेला आलो तवा आईनं गावभर पेढं वाटलं. माझा रंग्या बंदूक चालवतो म्हनली. आता तिला काय सांगनार? ती गेली, तवर मलाच खोट्याची सवय झाली हुती." त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत वहिनीनं घेवडा मोडायचं थांबवलं. "लगनाच्या जेवनात भात कच्चा ऱ्हायलेला दिसतो, आमटी करपल्याली कळती, हात नुसतं शिवशिवत्यात. पन उठून जाता येत न्हाई. लोक म्हनतील, ह्येला कसं ठावं?"

मग त्यानं मला एक हकिकत सांगितली. कुठल्याशा डोंगरावरच्या ठाण्याची. थांबत थांबत, पाणी पीत, अर्धा तास सांगत होता. सांगून झाल्यावर माझं मनगट धरलं. पोरं होतो तेव्हा ओढ्याकाठी तीन दगड मांडून तो पिठलं करायचा आणि मी जाळ घालायचो, तेव्हासुद्धा उकळी आली की असंच मनगट धरून थांब म्हणायचा.

"मी गेल्यावर सांग लोकांना. समद्यांना सांग. लई दीस खोटं वागवलंय. पन नीट सांग, दिन्या. तुला बोलाया येतं."

"नीट सांगीन," मी म्हणालो. शब्द दिला.

तो शब्द पाळायची वेळ अशी आयती चालून आली होती. गाव समोर, आमदार समोर, हातात माइक. अनावरणाच्या आदल्या दिवशी मी वहिनीला भेटलो. ती चौकात उभी राहून, चौथऱ्यावर चढवलेल्या, कापडानं झाकलेल्या पुतळ्याकडे बघत होती. कापड खालून वाऱ्यानं उडत होतं आणि बूट दिसत होते.

"उद्या मी बोलणार आहे, वहिनी," मी म्हणालो. "रंगानं सांगितलेलं सगळं सांगणार."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला हे मला स्वच्छ आठवतं.

"सांगा, भावजी. डोंगरावरचं सांगा. त्येंचा जीव लई अडकला हुता त्येच्यात."

रात्रभर मी भाषण जुळवलं. मला वाक्यं सुचत होती. एकेक वाक्य सुचलं की ते ऐकताना अण्णासाहेबांचं तोंड कसं होईल ते दिसत होतं, आणि मग त्याहून धारदार वाक्य सुचत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराचा कार्यक्रम दीडला सुरू झाला. आमदार आले, हलगी वाजली, फेटे बांधले. फेटे नऊच आणले होते आणि व्यासपीठावर माणसं तेरा झाली, त्यावरून मागे कुजबुज झाली. रंगाच्या बायकोला एका टोकाच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिच्या ओटीत नारळ आणि खण घातला होता. विधवेची ओटी भरायची नसते हे त्या तेरा डोक्यांपैकी एकालाही आठवलं नाही. म्हाताऱ्या बायका पदराआडून एकमेकींकडे बघत होत्या. वहिनी मात्र तो नारळ दोन्ही हातांनी धरून ताठ बसली होती. आदल्या दिवशीचा उजेड तिच्या तोंडावर अजून होता.

कापड ओढलं. टाळ्या पडल्या. मिशांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वर्षात गाव त्याचा चेहरा विसरलं होतं.

मुख्याध्यापक भाच्यानं प्रास्ताविक केलं. छापील पत्रिकेत रंगानं शत्रूचे पाच सैनिक मारले होते. छापखान्यातून व्यासपीठापर्यंत येईतो आणखी दोन मेले. "सात जणांना कंठस्नान!" भाचा ओरडला आणि अण्णासाहेबांनी मान डोलावली. आमदार घड्याळ बघत होते. पलीकडे शाळेच्या पटांगणात जेवणाच्या पंक्तींची तयारी चालली होती, बुंदीचा वास मांडवात येत होता.

"आता रंगरावांचे बालमित्र, आपले लोहार सर, दोन शब्द बोलतील."

मी उठलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला अतोनात आनंद झाला होता. आयुष्यात इतकी माणसं एकदम माझ्या तावडीत कधी सापडली नव्हती.

"व्यासपीठावरच्या थोर मंडळींनो," मी सुरुवात केली, "आज तुम्ही ज्याला हार घातलात तो माणूस कोण आहे, हे तुमच्यापैकी कुणीतरी सांगू शकेल का? कारण हा रंगा डुबल नाही. रंगाला मिशा नव्हत्या. ज्या अध्यक्षांना आपल्या गावच्या माणसाचं तोंड आठवत नाही, त्यांनी त्याचा पुतळा उभारावा, ही मोठी कमाल आहे."

अण्णासाहेबांचा हात फेट्याकडे गेला. मला ते दिसलं आणि मी आणखी चढलो. पांदीच्या रस्त्याचं काढलं. सर्जेरावाचं 'रांगेत राहा' काढलं. पुण्यतिथी पुढे ढकलल्याचं काढलं. एकेक वार मी मोजून, चवीनं घालत होतो. आणि मग मी सगळ्यात मोठा वार काढला.

"आणि ही बंदूक! हे सात मुडदे! कुठून आणले तुम्ही? रंगा डुबलनं एक माणूस मारला नाही. ज्याला तुम्ही वीर जवान म्हणून डोक्यावर घेतलंय, तो सतरा वर्षं फौजेत आचारी होता, आचारी! रोट्या लाटत होता! एवढंसुद्धा तुम्हाला माहीत नाही!"

इथे मी थांबलो. वार नीट बसू द्यावा म्हणून थांबलो. यानंतर डोंगरावरचं सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "म्हंजी आमदारानी आचाऱ्याला हार घातला व्हय!"

पहिल्यांदा पोरं हसली. मग बाप्ये. मग त्या पदराआडच्या बायका. हसू मांडवभर पसरलं. आमदारांनी रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मी "ऐका, ऐका" म्हणत होतो. कोण ऐकतो?

अण्णासाहेब उठले. मला वाटलं, चिडतील, थरथरतील. ते आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हसत हसत माइक स्वतःकडे वळवला.

"लोहार सर म्हंजे आमच्या गावचं रत्न हाय," ते म्हणाले. "मित्राची थट्टा करायचा हक्क मित्राला असतोच. तर मंडळी, आमच्या जवानाच्या हातचं न्हाई, पन जेवान तयार हाय. कुनी जेवल्याबिगर जायचं न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हलगी वाजली. माणसं उठली आणि पंगतीकडे धावली. दोन मिनिटांत मांडव रिकामा. अण्णासाहेबांच्या अंगावर माझा एक ओरखडासुद्धा उठला नव्हता. सगळे वार ज्याला लागले तो तिथे नव्हता. त्याची बायको होती. ती खुर्चीतून उठली, नारळ आणि खण खुर्चीवर ठेवला आणि घराकडे चालू लागली.

आठ दिवसांत चौकाचं नाव पडलं. 'आचाऱ्यापाशी' उतरायचं, 'आचाऱ्यामागं' पिठाची गिरणी. एसटीचा कंडक्टरसुद्धा 'आचारी, आचारी' म्हणून घंटा मारू लागला. कुणीतरी पुतळ्याच्या बंदुकीला झारा बांधून ठेवला. तो काढायला मीच गेलो होतो, आणि मला काढताना बघून गिरणीपुढची चार टोणगी पुन्हा हसली. थुंकावं असं गाव. मी तेव्हाही हेच म्हणत होतो, की या असल्या माणसांपुढे खरं बोलायचंच कशाला?

हेच सांगायला नवव्या दिवशी वहिनीकडे गेलो. ती ओसरीवर ज्वारी पाखडत होती. "या" म्हणाली, पण हात थांबवला नाही.

"बघितलंत ना वहिनी, कसली माणसं आहेत ती?" मी म्हणालो. "खरं ऐकायची लायकी नाही एकाची."

तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"डोंगरावरचं सांगणारच होतो. वेळच दिला नाही त्यांनी. माइक काढून घेतला."

तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमास्नी आठवतंय का, भावजी, डोंगरावरचं?"

मी तोंड उघडलं. आणि मला कळलं की आठवत नाही. बर्फ होता. माणसं अडकली होती. किती माणसं? किती दिवस? त्या दुपारी रंगा धापा टाकत सांगत होता आणि मी मान हलवत होतो, पण 'आचारी' हा शब्द ऐकल्यापासून माझं लक्ष तिथे नव्हतंच. पहिल्यांदा मनात आलं होतं, 'हात्तिच्या, एवढंच?' आणि दुसऱ्यांदा आलं होतं की हे ज्या दिवशी बाहेर पडेल त्या दिवशी सर्जेराव आणि अण्णासाहेबांची तोंडं बघण्यासारखी होतील. मी तीच तोंडं बघत बसलो होतो.

"मी सांगते," वहिनी म्हणाली.

तिनं पदर सारखा केला आणि सरळ बसली.

"अकरा माणसं हुती ठाण्यावर आनि हे बारावं. बरफ पडला, वाट बंद झाली. शिधा सहा दिसांचा हुता. वरनं इमान यायचं ते आलंच न्हाई. ह्येंनी त्यो शिधा एकोणीस दीस पुरवला. डाळीत पानी, पान्यात बिस्किटाचा चुरा, पन दोन्ही येळंला समद्यांना ऊन ऊन काय तरी दिलंच. भाईर पेटवाया येत न्हवतं, म्हनून आतच, दार लावून, घासलेटच्या शेगडीवर. समदा धूर ह्येंच्या छातीत गेला. एक पोरगं हुतं, केरळातलं. त्येनं आन्न सोडलं, रडायचं नुसतं. त्येला ह्येंनी मांडीवर घिऊन भरवलं. त्येची भाषा ह्येंना येत न्हवती, ह्येंची त्येला. अकराच्या अकरा आपल्या पायांनी खाली उतरली. खाली आल्यावर त्या अकरा जनांनी ह्येंना पाटावर बसवलं आनि साहेबानं सोताच्या हातानं ह्येंच्या ताटात डाळ वाढली. डाळ आळणी हुती म्हनायचे. पन तसलं जेवान परत कवा जेवलो न्हाई म्हनायचे."

ती थांबली. डोळे कोरडे होते.

"संपलं. एवढंच हाय, भावजी," ती म्हणाली. "सांगाया किती येळ लागला?"

दोन मिनिटंही लागली नव्हती.

मी मान खाली घातली. ती पुन्हा सूप उचलून पाखडू लागली, आणि मला जा म्हणाली नाही, बसाही म्हणाली नाही. थोड्या वेळानं मीच उठलो.

याला आता सव्वीस वर्षं झाली. अण्णासाहेब गेले, सर्जेराव गेला, गेल्या साली वहिनीही गेली. हकिकत ठाऊक असलेला मी एकटा उरलो आहे, आणि आता ती मला शब्दन् शब्द पाठ आहे. नात विचारते, चौकातला तो आचारी कोण होता म्हणून. मी तिला जवळ घेऊन सांगायला बसतो. पण अजूनही सांगायला लागलो की तोंडात आधी अण्णासाहेबच येतात, आणि त्यांना शिव्या घालून होईपर्यंत पोरगी उठून खेळायला गेलेली असते.